न झालेल्या सभेचं इतिवृत्त

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणजे इथेही मी सोयच पाहिली.

बुलढाण्याला सहा वर्षं बातम्या लिहिल्या. मग अमडापूरजवळच्या एका डाळ कारखान्यात टाइम ऑफिसला लागलो. हजेरी, रजा, पत्रव्यवहार. तिथे युनियन नव्हती. अशा ठिकाणी मालक-कामगारांचा करार करायचा तर आधी कामगारांची सभा लागते. सभेने प्रतिनिधी निवडायचे, त्यांनी करारावर सह्या करायच्या, प्रत कामगार कार्यालयात द्यायची. सभा नाही, तर करार नाही. इतकं साधं.

सभा झाली नाही.

मॅनेजर म्हणाले, हंगाम तोंडावर आहे, तुम्ही पेपरात होता, इतिवृत्त लिहा. प्रतिनिधी म्हणून पाच नावं त्यांनीच दिली. आणि बाकीच्यांच्या सह्या? त्या माझ्याकडे होत्याच — बूट वाटले त्या दिवशीच्या, कोऱ्या कागदावर. आमच्याकडे पद्धतच तशी: आधी सह्या, वरचा मजकूर सवडीनं. चाळणीवर अकरा वर्षं काम करणारी कांताबाई तेवढी थांबली होती.

"कायची सही हाये, भाऊ?"

बुटाची, मी म्हणालो. तेव्हा ते खरं होतं.

मग लिहायला बसलो. आणि इथेच — हेच सांगायचं टाळत होतो. तपशील असला की मजकूर खरा वाटतो, हे मी डेस्कवर शिकलो होतो. म्हणून लिहिलं: 'बदलीच्या कलमाबद्दल कांताबाईंनी शंका विचारली. समाधान झाल्यावर संमती दिली.' तिचंच नाव का? कारण सभा झाली असती, तर तिनंच विचारलं असतं.

चार महिन्यांनी तिची बदली डोणगावच्या गोदामात झाली. सकाळच्या पाळीला पोचेल अशी एसटी नव्हती. हजर न झाल्यास नोकरी सोडली असं समजायचं, हे करारातच होतं. ती कामगार कार्यालयात गेली. सुनावणीला मॅनेजरांबरोबर मलाही बोलावलं. सभाच झाली नाही, ती म्हणाली. तिथल्या साहेबांनी इतिवृत्त काढून तिला तिचाच प्रश्न वाचून दाखवला.

ती माझ्याकडे वळली. "मी असं कवा इचारलं होतं, भाऊ?"

टोमणा नव्हता. तिला वाटलं, आपणच विसरलो असू, भाऊला आठवत असेल. साहेबही माझ्याकडे बघत होते. शेजारच्या खुर्चीत मॅनेजर. एकच शब्द लागत होता — नाही.

"इतिवृत्तात आहे तसं," मी म्हणालो.

तिची नोकरी गेली. माझी आहे. तेच टेबल, तीच फाईल, खाली माझी सही. ती फाईल फाडता येत नाही, उघडता येत नाही.

यंदा नवा करार झाला. या वेळी सभा खरोखर भरली. मसुदा मीच वाचला. कुणाला काही शंका, असंही विचारलं. चाळणीजवळच्या बायका खाली बघत राहिल्या. कुणी काही विचारलं नाही.

ते मी तसंच लिहिलं.