कानबाईला दिलेला गहू

माझी भक्ती कधी गोडीगुलाबीची नव्हती, हे आधीच सांगते. मी आमच्या कानबाई देवीशी भांडतच आले. लग्नानंतर सात वर्षांनी एकुलती एक लेक झाली, आणि ती तीन वर्षांची झाली तरी बाळसं धरेना. बारशाचे वाळे पायांतून घसरून पडायचे. पोट तेवढं घागरीसारखं, हातपाय काड्या, आणि जुलाब थांबायचं नाव नाही. रनाळ्यात आमची शेती बरी, घरात गहू भरलेला. सासूबाई जीव लावून तिला तुपातली गव्हाची लापशी भरवायच्या. पोर तोंड फिरवायची. शेतावरच्या भिलांची पोरं ज्वारीची शिळी भाकर खाऊन उड्या मारायची, ते बघून माझा जीव तुटायचा. तिनं एकदा, फक्त एकदा, "माय, भूक लागनी" म्हणावं, एवढीच आस होती.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी औषधाच्या बाटल्या दिल्या, मग एके दिवशी नुसती मान हलवली. घरी येऊन मी देव्हाऱ्यापुढे बसले नि म्हणाले, "कानबाई, पोर बाळसं धरेपर्यंत मी गहू तोंडात घालणार नाही." गव्हाची पोळी म्हणजे माझा जीव की प्राण, म्हणून तीच सोडली. आता गंमत बघा. मी दुधात भाकर कुस्करून खायला बसले की लेक लापशीची वाटी ढकलून माझ्या मांडीवर चढायची. "माय, तू खास ते दे." मी खाते तेच तिला हवं असायचं. सासूबाई चिडायच्या, "गहूबिगर पोरना आंगले काय लागी?" मी म्हणायचे, खातेय ना, खाऊ द्या! दोन महिन्यांत जुलाब थांबले. एका सकाळी चुलीपाशी येऊन ती भूक लागली म्हणाली, आणि मी हातातलं पीठ तसंच सोडून रडत बसले. वर्षभरात वाळे सोनाराकडून कापून काढावे लागले.

पुढच्या श्रावणात घरी कानबाई बसवली, नवस फेडला. कानबाईच्या प्रसादाचे रोट गव्हाचे, सगळ्या भाऊबंदांनी मिळून संपेपर्यंत खायचे. मी लेकीला पहिला घास भरवला, स्वतःही खाल्ला. लापशीही पुन्हा सुरू झाली. महिना गेला नसेल, पोट फुगलं, जुलाब लागले, पोर अंथरुणाला खिळली. मी देवीला नको नको ते बोलले. दिलेलं परत नेतेस? तेही तुझ्याच प्रसादानं?

दसऱ्याच्या सुमारास गोधड्यांचा कापूस पिंजायला एक म्हातारी पिंजारीण आली. नंदुरबारची मुसलमान बाई, पूर्वी कधी न पाहिलेली. माझं रडगाणं तिनं काम थांबवून ऐकलं आणि शांतपणे म्हणाली, "माय, देवले दिधेल चीज कोनी परत लेस का?"

मी दिलंच कुठे होतं? काम झालं की परत घ्यायच्या बोलीनं ठेवायला दिलं होतं.

त्याच दिवशी माझ्या आणि लेकीच्या वाटणीचा गहू मी कायमचा कानबाईला दिला. मुदत नाही, बदल्यात मागणं नाही. "पोर ठेव की ने, गहू तुझा," असं म्हणताना छाती फुटत होती. पुढे दर श्रावणात रोटांना आम्ही दोघी हात जोडायचो, खायचो नाही. भाऊबंद नाकं मुरडायचे. पोर मात्र हळूहळू सावरली, वाढली.

हे कसं झालं, मला विचारू नका. मला एवढंच कळलं की अट घालून दिलेलं देवापर्यंत पोचत नाही. मूठ पुरती उघडावी लागते. ती पिंजारीण पुन्हा आली नाही, मी कितीदा तिची वाट पाहिली.

लेकीच्या लग्नात मांडवभर पुरणपोळ्या वाढल्या आणि नवरीनं ज्वारीची भाकर खाल्ली. वऱ्हाडी हसले. हसेनात का! जिला कापडात गुंडाळून न्यावं लागेल म्हणून मी धसकले होते, ती आपल्या पायांनी चालत गाडीत चढली. आता ती लोणखेड्याला नांदते. घर खायला उठतं, तिच्या आठवणीनं जीव कासावीस होतो, डोळे भरून येतात. कानबाई, असं रडणं तू प्रत्येक आईला दे.