बाभळीची मूठ

दिगंबरभाऊंच्या वंदनाचा फोन आला तेव्हा मी अंगणातल्या कुंड्यांची माती उकरत होतो. "काका, बाबा गेले..." एवढंच ती म्हणाली. आदल्याच दिवशी दिगंबरभाऊंनी मला बजावलं होतं, "गुरुजी, बुधवारी येजा. काळीचे प्लग साफ कराचे आहे." बुधवार उजाडायच्या आधीच, दुपारी जेवून खुर्चीत टेकले ते उठलेच नाहीत. याला आता सहा आठवडे होतील. बुधवारी सकाळी सिंदीला त्यांच्याकडे जायला मी अजूनही चपला घालतो, फाटकापर्यंत जातो आणि स्वतःवरच चिडून परत फिरतो.

काळी म्हणजे त्यांची मोटार. गोल पाठीची, विलायती बनावटीची, आम्हा दोघांच्याही वयाची. कंपनीचं नाव सांगत बसत नाही. घरात तिला सगळे काळीच म्हणत. दिगंबरभाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. एका डॉक्टरांच्या मागच्या छपरीत ही मोटार कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली होती, ती त्यांनी बैलजोडीने ओढत घरी आणली आणि सुट्टीच्या दिवसांत, एकेक भाग जमवत, काही वर्षांनी चालती केली. गिअरच्या दांड्यावरची मूठ तेवढी कुठेच मिळेना. मग त्यांनी बाभळीच्या लाकडाची मूठ स्वतः घडवली, मुद्दाम जरा मोठी, कारण शोभावहिनींच्या बोटांचे सांधे धरत आणि गाडी वहिनींनीही चालवावी असा त्यांचा हट्ट होता. वहिनी शिकल्या. डोक्यावरचा पदर सावरत त्या काळी घेऊन थेट अल्लीपूरला माहेरी जात, तेव्हा अर्धं गाव बघायला उभं राही आणि दिगंबरभाऊ शेजारच्या सीटवर पाहुण्यासारखे हात बांधून बसत.

वहिनी गेल्यानंतर त्या सीटवर मी बसू लागलो. दर हिवाळ्यात नागपूरला जुन्या मोटारींचा मेळा भरतो, तिथे आम्ही काळी घेऊन जायचो, आणि तेही रस्त्याने. टेम्पोवर लादून आणलेल्या गाड्यांचा त्यांना मनस्वी राग. "जिले चालता येत नाई तिचं कायचं कौतुक?" असं मालकाच्या तोंडावर म्हणायचे. केळझरला गणपतीच्या टेकडीखाली इंजिन निवेपर्यंत थांबायचं, बॉनेटवर एक जास्वंद ठेवायचं आणि पुढे निघायचं, हा नेम. मैदानावर पोचलं की हात पाठीमागे बांधून ते रांगेतल्या एकेका गाडीपुढे थांबत. लोक मॉडेल विचारत, किंमत विचारत. हे विचारत, "कोन चालवते हिले?" कुणी आजोबांचं, कुणी सासऱ्यांचं नाव घेतलं की यांचा चेहरा उजळायचा. मग त्या अनोळखी माणसाच्या इंजिनाला कान लावून अर्धा तास तिथेच. मला जुन्या मोटारींतलं ओ की ठो कळत नव्हतं. बघायचं कसं ते त्यांच्या मागे फिरून शिकलो.

आता जे सांगायचं ते सांगतोच... त्यासाठीच तर लिहायला बसलोय. मेळ्यातल्या स्पर्धेत दोन वर्षं सलग काळीचा पहिला नंबर थोडक्यात हुकला. दुसऱ्या वर्षी परीक्षक मुठीकडे बोट दाखवून म्हणाले, "बाकी गाडी आरशासारखी, आणि हे एवढं कळकट का ठेवलंय?" दिगंबरभाऊ नुसते हसले. मला मात्र ते लागलं. आयुष्यभर पोरांची नखं तपासलेला माणूस मी! पुढच्या वर्षी दिगंबरभाऊ चहाला गेलेले बघून मी खिशातला पॉलिशपेपर काढला आणि ती मूठ घासली. चांगली वीस मिनिटं, मन लावून. वर तेलाचा हात दिला. बाभळीचं लाकूड तांबूस, नवंकोरं दिसू लागलं आणि मी स्वतःवरच खूश झालो.

त्या वर्षी पहिला नंबर आला. कप घ्यायला गाडी मंचापुढे न्यायची होती. दिगंबरभाऊ बसले, सवयीने डावा हात गिअरवर ठेवला, आणि तिथेच थांबले. खाली बघितलं. "हे काऊन केलं, गुरुजी?"

"मळ होता हो नुसता..."

"मळ नोहता तो," ते अगदी हळू म्हणाले. "शोभेचा हात होता."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. रागावले असते तर सोसलं असतं. ते रागावले नाहीत. कप घेतला, फोटो काढू दिला, परतताना केळझरला थांबलेसुद्धा. त्यानंतर मात्र आम्ही मेळ्याला नुसते बघे म्हणून गेलो. स्पर्धेचा अर्ज त्यांनी पुन्हा भरला नाही. मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा त्यांनी, "चहा घेता काय?" असं विचारलं. त्यांनी मला माफ केलं की नाही, हे काही कळलं नाही. त्याच सुमारास त्यांचे गुडघे कुरकुरू लागले, म्हणून दर बुधवारी मला चालवायला बसवायचे. "तुमीच घ्या गुरुजी, माह्यानं क्लच दाबनं होत नाई." सेलूच्या रस्त्याने एक फेरी व्हायची. जाताना मी चालवायचो, आणि येताना, गुडघा मोकळा झाला म्हणत, ते.

परवा वंदनाने बोलावलं. काळी ती ठेवणार आहे, वर्ध्याला नेणार आहे. त्याआधी एकदा सुरू करून बघा म्हणाली. मी त्यांच्या छपरीत गेलो, सीटवर बसलो, आणि तोंडातून सहज निघून गेलं, "भाऊंचे गुडघे बरे असते तर मला कधी चालवायला मिळाली नसती."

वंदना माझ्याकडे बघतच राहिली. "गुडघे? बाबाच्या गुडघ्याले काई झालंच नोहतं काका. जाच्या आदल्या दिवशी टाकीवर चढलते." मग डोळे पुसत म्हणाली, "मी एकदा विचारलं त्याईले, गुरुजीले काऊन तरास देता म्हणून. तर म्हने, मूठ एकट्याच्या हातानं काळी व्हाले लई वर्षं लागन. तेवढी मले भेटत नाई. गुरुजीचाबी हात लागू दे."

मी खाली बघितलं. मूठ काळी झाली होती. पूर्वीइतकी नाही, पण वरची गोलाई चांगली काळी, गुळगुळीत. त्यातला त्यांचा हात कुठला आणि माझा कुठला, हे मला काही केल्या ओळखू येईना. वंदनाने गाडी पुसायला फडकं पुढे केलं. काच पुसली, दिवे पुसले, बॉनेट पुसलं. मग फडकं तिच्या हातात परत दिलं, पुन्हा सीटवर बसून गाडी सुरू केली, मुठीवर हात ठेवला आणि पहिला गिअर टाकला.