आज गोली कोण?

जवाहरनगरच्या मैदानावर आई संध्याकाळी चालायला जाते, तेव्हा मी गोलपोस्टजवळच्या बाकावर बसून असते. त्यामुळे फुटबॉलचे कोच मला रोज दिसतात. तरुणपणी ते इथल्या कारखान्याच्या टीमचे गोलकीपर होते. त्यांची दोन बोटं कायमची वाकडी झाली आहेत. बोलताना ते ती चोळत असतात. आता ते क्वार्टर्समधल्या मुलांना शिकवतात. गुडघा पूर्ण निकामी व्हायच्या आत एक तरी गोलकीपर तयार व्हावा, एवढंच त्यांना हवं आहे.

"आज गोली कोण?" ते रोज विचारतात.

मुलं खाली वाकून लेस बांधू लागतात.

"सर, कल मैं था ना!"

"अबे, काल तू आलाच नव्हता!"

शेवटी डॉक्टरांनी बजावलेलं असूनही तेच गोलमध्ये उभे राहतात.

एकदा बाकाकडे उडून आलेला चेंडू मी दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"मस्त पकडला, पोरी. येतेस का?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"गोल मारला त घरी सांगता येते," ते म्हणाले. "वाचवला त काय सांगशीन? काही झालंच नाही म्हणून?"

काल ते झेपावले आणि त्यांना उठताच येईना. दोन मुलांनी हात देऊन त्यांना उभं केलं.

"सर, आप बैठो. बिना गोली के खेलते हैं."

"हौ, चालते," ते म्हणाले आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

रिकाम्या पोस्टमध्ये गोलावर गोल होत राहिले. मुलं खूश होती. कोणाचंच काही अडलं नाही.