म्हशीचा फोटो

कोल्हापूरच्या इतिहासात नोंदवावी अशी एक अतिगंभीर घटना सांगतो, हातातला चहा खाली ठेवा. म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात त्या आमच्या दूध कट्ट्यावर एका म्हशीचा फोटो चक्क परवानगी मागून काढला गेला.

मी तिथंच धारोष्ण दुधाचा ग्लास तोंडाला लावून उभा होतो. मोबाइल घेऊन एक बाई आल्या. बोलताना तर्जनी अशी उभी करायच्या, की कट्ट्यावरचे पैलवानही ताठ बसले. शाळेतल्या बाई, वेगळं सांगायला नको.

म्हशीच्या मालकाला म्हणाल्या, "मी नेटवरचं म्हशीचं चित्र उचलून धड्याचा व्हिडिओ केला. चित्रवाल्यानं तक्रार केली, व्हिडिओ उडाला. पोरं रोज विचारतात, धडा कुठं गेला? आता मीच फोटो काढून सगळ्या शाळांना फुकट वापरायला देणार. काढू का?"

"नगं बाई, दिष्ट लागंल."

बाईंनी मोबाइल पिशवीत टाकला. "तुमची म्हैस, तुमचा शब्द," म्हणाल्या आणि खरंच निघाल्या.

विचारणारे पुष्कळ भेटतात. नाही म्हटल्यावर थांबणारं माणूस मी क्वचितच पाहिलं. मालकानंही पाहिलं नसावं. "थांबा की!" म्हणत तो उठला. शिंगांना तेल चोळलं आणि दृष्ट लागू नये म्हणून त्या काळ्याभोर म्हशीला काळी तीट लावली!

फोटो निघाला. बाई म्हणाल्या, "खाली तुमचं नाव लिहिते."

तो केवढ्यांदा ओरडला, "माझं कशाला? चंद्रीचं लिवा की! दूध ती देतीया!"