अंजनाबाईच्या मरळी

अंजनाबाईच्या घरी फ्रीज आला, तेव्हा मासेमार ढिवरांचा सारा मोहल्ला नवरी बघायला यावा तसा दारात जमला होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहराच्या पुढे, तलावाच्या पाळीला टेकलेलं हे गाव. सूरज, तिचा एकुलता एक पोरगा, घुग्घुसच्या कोळसा खाणीत कामाला. त्यानेच तो दोन दारांचा लालभडक फ्रीज चंद्रपूरहून पाठवला होता. वर जास्तीचे पैसे भरून पाच वर्षांची वॉरंटीही घेतली होती. "आता बिघडला तरी कंपनी पाहून घेईल, माय," तो फोनवर म्हणाला होता.

तलावात जाळं ओढलं की काठावर माशांचे वाटे पडतात. अंजनाबाई अजून जाळ्याला हात लावते, म्हणून तिचाही वाटा पडतो. त्यातली मरळ ती खात नाही. मरळ सूरजची. साफ करून, हळद-मीठ लावून, पिशवीत बांधून ती वरच्या कप्प्यात ठेवून द्यायची. मंडईला येईल, तेव्हा.

दिवाळीनंतरची मंडई म्हणजे गावची जत्रा, काय थाट असायचा! घरोघरी पाहुणे, चुलीला उसंत नाही, रात्रीच्या नाटकाच्या पेटीचा सूर कानावर आला की अर्धं गाव शामियान्याकडे धावायचं. लहानपणी सूरज पहिल्या रांगेत जागा धरायला जेवता जेवता उठायचा आणि अंजनाबाई मरळीचा तुकडा हातात घेऊन त्याच्यामागे पळायची. यंदाही नाटक झालं, टाळ्या पडल्या. सूरज आला नाही. संक्रांतीलाही आला नाही. पिशव्या तेवढ्या वाढत गेल्या.

शिमग्याच्या तोंडावर फ्रीज थंड करेनासा झाला. अंजनाबाईने कंपनीला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज सांगायचा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. "हो बाई," अंजनाबाई म्हणायची आणि गाणं संपेपर्यंत फोन कानाला धरून बसायची. दिवसात तेवढंच काय ते बोलणं. तोवर थर्माकोलच्या पेटीत बर्फ टाकून तिने मासे जपले.

अखेर कंपनीचा मेकॅनिक आला. अमर त्याचं नाव. फ्रीज उघडून पाहिला, मग त्याची नजर पेटीकडे गेली.

"मावशी, घरी किती जण खाता?"

"मी एकटीच."

"एकटीले एवढे मासे? मले काय येडा समजता? हा तं धंदा झाला. घरच्या फ्रीजात धंद्याचा माल ठेवला का वॉरंटी खतम."

"धंदा? अरे बाबू, यातली एक मासोळी म्या इकली नाई."

"मंग खाते कोण?"

"पोरगा."

"कुठी हाये तो?"

"घुग्घुसले."

"वा! खानारा घुग्घुसले आन् ताट इथी!" अमर हसला. मग तिचा चेहरा पाहून त्याने हातातलं पान्हं खाली ठेवलं. "असं करा, पोराले फोन लावा. घरच्या खाण्याचे हायेत, एवढं तो बोलला तं मी रेकॉर्ड करून ऑफिसले पाठवतो. मानले तं मानले."

तिने फोन लावला. अमरने तो स्पीकरवर टाकला. पलीकडे ट्रकांची घरघर होती.

"माय, ड्युटीवर हावो. लवकर बोल."

"बाबू, एवढं सांग या फ्रीजवाल्याले, ह्या मरळी तुह्या खाण्याच्या हायेत."

"कोनत्या मरळी? माय, तू अजून ठेवूनच राह्यली काय? मी मासे सोडून वरीस झालं. भाग्यश्रीले वास सहन होत नाई, घरात आनतच नाई आमी. तुले सांगतलं नव्हतं काय?"

सुनेचं नाव ऐकून अंजनाबाईने पदर सारखा केला. मासे सोडल्याचं सूरजने कधी सांगितलं नव्हतं.

"सांगतलं होतं, सांगतलं होतं. मीच भुलली," ती म्हणाली.

"इकून टाक ते. ठेवतो आता."

अमर बराच वेळ फ्रीजच्या मागे काहीतरी बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मावशी, दुसऱ्यांदा लावू? काय बोलाचं ते मी समजावतो त्याले."

"नको. तू धंदा लिही."

"दुरुस्तीचं काईच भेटन नाई मंग."

"नाई भेटू दे. म्हातारी कोनासाठी मासे ठेवते, हे कागदावर लिहून चार मानसायले वाचाले देशील काय? त्यापेक्षा धंदा बरा. लिही."

त्याने लिहिलं. तिने सही केली. चहा मात्र तिने त्याला पाजूनच सोडला.

उन्हं कलली, तशी तिने सगळ्या पिशव्या सोडल्या आणि मंडईचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं. जवसाचं तेल तापलं, लसणाचा वास कुंपणापलीकडे गेला. शेजारची चंदा डोकावली.

"अंजनाबाई, सूरज येऊन राह्यला काय?"

"नाई. तो मासे खात नाई आता." अंजनाबाईने रस्सा ढवळला. "तू ये जेवाले. लेकरायले आन. समद्यायले सांग."

चंदा घराकडे वळली. "भांडं घेऊन येतो," ती म्हणाली.

मग सारा मोहल्ला आला, हातात एकेक भांडं घेऊन. अंजनाबाई पळी भरभरून वाढत होती, आणखी घे म्हणत होती. अंगणात तिने सतरंजी अंथरून ठेवली होती. कोणी बसलं नाही. घरी माणसं वाट पाहत होती, भात तयार होता. जो तो रस्सा सांडू नये म्हणून सांभाळून पावलं टाकत आपापल्या दारात शिरला.

तिने तळाशी उरलेला एक तुकडा ताटात घेतला, सतरंजीच्या कडेला बसली आणि किती वर्षांनी मरळ खाल्ली.