डबल ट्राली पुन्हा उगवेल का?

माझं काम सांगितलं की लोकांना हसू येतं. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी बी उगवतं का ते बघते. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, उबदार कपाटात ठेवायची आणि काही दिवसांनी उलगडून कोंब बघायचे. कोंब नीट असले तर लॉट पास, नाहीतर फेल. एवढंच. पण घरच्यांना आणि शेजाऱ्यांना वाटतं, मला सगळ्याच गोष्टींचं उगवणं कळतं. मुलीचं लग्न जमेल का, दुकान चालेल का, सगळं मलाच विचारतात. मी चिडते. चिडले की त्यांना वाटतं, बाईला माहीत आहे पण सांगत नाही.

धाकटा भाऊ दिवाळीला पुण्याहून आला तो नोकरी सोडूनच. मी चकल्या तळत होते. तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, डबल ट्राली परत आणून राह्यलो. उगंल का?"

तेलात चकली काळी होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले. मग ती चकली त्यालाच खायला दिली.

डबल ट्राली म्हणजे त्याने कॉलेजात असताना बनवलेला मोबाइलचा खेळ. बटणांच्या फोनांचा काळ होता. आमचे मामा अंकुशनगरच्या बाजूचे, त्यांचा ट्रॅक्टर हंगामात ऊस वाहायचा आणि हा सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचा. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्राल्या आणि तिथल्या साखर कारखान्याच्या आवारात वजनकाट्यासाठी लागलेली ही भलीमोठी रांग. तास न् तास बसायचं, दोन हात पुढे सरकायचं, परत बसायचं. कंटाळलेल्या ड्रायव्हर लोकांसाठी म्हणून त्याने खेळ केला. पहिल्या भागात रस्ता आणि खड्डे, ऊस सांडू न देता ट्रॅक्टर न्यायचा. दुसऱ्या भागात दुसरी ट्राली जोडली, वळणावर ती नेमकी नाल्यात जायची. आणि तिसऱ्या भागात नुसती रांग. चहाला गेलात तर मागचा पुढे घुसतो, डोळा लागला तर नंबर जातो, काट्यावर पोचलात की जिंकलात. तो तिसरा भाग मला दाखवला तेव्हाच मी कपाळाला हात लावला होता.

पण खेळ आमच्या भागात तुफान चालला. तेव्हा मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड द्यायचं आणि "सगळं भरून द्या" म्हणायचं, अशी पद्धत होती. दुकानदार गाण्यांबरोबर डबल ट्रालीही भरून द्यायचे. तिथून ती ब्लूटूथवरून या फोनातून त्या फोनात जायची. हसनाबादला एका लग्नात मांडवामागे चार बाप्ये अक्षता विसरून तीच खेळत बसलेले मी स्वतः पाहिलेत. भावाला त्यातून दमडी मिळाली नाही आणि मिळावी असं कुणाला सुचलंही नाही, त्यालासुद्धा नाही. 'कारखान्याची गेम' म्हणायचे सगळे. कुणी केली हे कुणी विचारलं नाही, पण हा आपला फुगून टम्म. पुढे मोठ्या पडद्याचे फोन आले, त्यात जुना खेळ चालेना, भाऊ पुण्याला नोकरीला लागला आणि विषय संपला.

संपला असं मला वाटत होतं. जुन्या फोनवरचे खेळ जमवणाऱ्या हौशी पोरांचा इंटरनेटवर एक गट असतो म्हणे. त्यांना कुणाच्या तरी कपाटातल्या कार्डावर डबल ट्राली सापडली. कुणी लिहिलं, लहानपण आठवलं. कुणी लिहिलं, परत आणा राव, चौथा भाग काढा. हे सगळं तो मला रोज चहाबरोबर वाचून दाखवायचा. गावाकडे आईबाबांकडे नेट नीट चालत नाही, म्हणून मुक्काम माझ्याकडेच, वरच्या खोलीत.

"लोक थोडेच हाईत, पण पक्के हाईत," तो समजावायचा. "सगळ्यांसाठीची गेम मोठ्या कंपन्या करतात. थोड्यांसाठीची कुणी करत न्हाई. म्हून ती जागा आपली."

मी त्याला आमच्या बाजरीची गोष्ट सांगितली. कंपनीचं एक जुनं वाण बंद झालं होतं. प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर दरवर्षी शेतकरी यायचे आणि ते वाण परत काढा म्हणायचे. त्या भाकरीची चव एकेक जण तासभर सांगत बसायचा. शेवटी कंपनीने काढलं. मी स्वतः तपासलं, उगवण एकदम झकास. पिशव्या दुकानात गेल्या आणि हंगाम संपल्यावर तशाच्या तशा परत आल्या. मागणारे सगळे नवीन वाण घेऊन गेले होते. आठवण येणं वेगळं आणि पिशवी उचलणं वेगळं, असं मी त्याला म्हटलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "बी अन् गेम येगळं असतं, ताई," म्हणाला आणि वर निघून गेला.

मग एका गेम कंपनीच्या माणसाशी त्याची व्हिडिओवर बैठक झाली, माझ्या बैठकीच्या खोलीत. मी कुकर बंद करून पडद्यामागे उभी. माणूस वाईट नव्हता. कल्पना ताजी आहे म्हणाला. फक्त ऊस कशाला, नुसता माल ठेवू. कारखाना कशाला, मोठं शहर ठेवू. आणि ती रांग तेवढी काढून टाका, आज कुणाला थांबायला आवडतं? भाऊ म्हणाला, "सर, लाइन काढली तर गेम उरतच नाही." बैठक तिथेच आटोपली. मला त्याचा इतका अभिमान वाटला आणि इतका राग आला, की मी आत जाऊन उगाच धुतलेली भांडी परत घासली.

त्याने एकट्याने जुना खेळ नव्या फोनांवर बसवला आणि त्याला चौथा भाग जोडला. संक्रांत झाली तरी वरून खाली उतरायचा तो जेवायलाच. पुण्याहून भावजयीचा फोन मला येऊ लागला. तिची नोकरी, शाळेत जाणारी मुलगी, घराचा हप्ता, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. ती भांडत नव्हती. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"ताई, त्याच्या जुन्या ऑफिसमधून विचारताहेत," ती म्हणाली. "पाडव्यापर्यंत जागा ठेवतो म्हणाले. तुम्ही तरी बोला ना त्याच्याशी. तुमचं ऐकतो तो."

माझं तो लहानपणापासून ऐकतो हे खरं आहे. ऐकतो आणि त्याला हवं तेच करतो.

मीच मग तोडगा काढला. आमच्या धंद्यात नवीन वाण विकायच्या आधी शिवार फेरी करतात. एका शेतात वाण लावायचं, पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांना बोलवायचं, पीक दाखवायचं आणि जेवू घालायचं. म्हटलं, तसं करू. रांगेतल्या ड्रायव्हर लोकांनाच दाखवू, काय ते एकदाचं कळेल. घरून भल्या पहाटे पातेलंभर खिचडी करून नेली, वर शेंगदाण्याची चटणी. मामांनी ओळखीपाळखी काढून आवाराबाहेर, जिथे रांगेचं शेपूट असतं, तिथे एका लिंबाखाली आमची सोय केली.

सगळे आले. खिचडी खाल्ली, फोन पुढे केले, भावाने एकेकाच्या फोनात डबल ट्राली टाकून दिली. माझ्याही टाकली. "वा रे पठ्ठ्या!" "बिलकुल खरी लाइन हाय राव!" "ह्यो बघ, मागचा घुसला!" एकाने तर भावाला मिठी मारली. भावाचा चेहरा दहावी पास झाला तेव्हाही असा दिसला नव्हता.

पातेलं खरवडता खरवडता मी स्वतःलाच शिव्या घातल्या. कारण शिवार फेरीची रीत मला पक्की ठाऊक आहे. ज्याच्या बांधावर जेवलो, त्याच्या पिकाला आपल्याकडे कुणी नावं ठेवत नाही. हात धुता धुता प्रत्येक शेतकरी म्हणतो, लई भारी वाण. आमच्या कंपनीत त्या दिवशीचं बोलणं कुणी हिशेबातच धरत नाही, पुढच्या हंगामात कोण पिशवी मागतं तेवढंच बघतात. हे सगळं येताना मला आठवायला हवं होतं, आठवलं ते पातेलं रिकामं झाल्यावर. परतीच्या वाटेवर तो बोलत सुटला होता. त्याला थांबवायला माझी जीभ रेटली नाही.

पंधरवड्याने आम्ही पुन्हा गेलो, या वेळी खिचडी न घेता. रांग तशीच होती. प्रत्येक जण मान खाली घालून फोनमध्ये होता. भाऊ हळूहळू रांगेच्या कडेने चालत गेला आणि एकेकाच्या पडद्यात डोकावला. छोटे छोटे व्हिडिओ सरकत होते, नाच, कुस्ती, पुढारी, रेसिपी. डबल ट्राली कुठेच नव्हती. मिठी मारणारा भेटला. तो बिचारा ओशाळला.

"भाऊ, गेम एक नंबर हाय," तो म्हणाला. "पण खरं सांगू का, तवा फोनात दुसरं काहीच नव्हतं. म्हून खेळत व्हतो. आता लाइनीत बसून लाइनचीच गेम कोण खेळंल?"

भाऊ हसला. "बराबर हाय," म्हणाला. त्याच्या खांद्यावर थाप मारली. परतताना मोटारसायकलवर मी मागे बसले होते. घराजवळ आल्यावर म्हणाला, "ताई, पुण्याला ऑफिसात फोन करून टाकतो, येतो म्हणून. पाडव्याच्या आत."

हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीत नुसता पडद्यासमोर बसलेला दिसला. त्या पडद्यावर देशभरात कुठे किती जण कधी खेळले, हरले की जिंकले ते दिसतं, कोण ते दिसत नाही, फक्त गाव दिसतं. त्या गटातल्या हौशी पोरांनी त्याने पाठवलेला नवा खेळ पहिले काही दिवस खेळून सोडून दिला होता. आता तिथे शून्य होतं. माझ्याच भावाचं शून्य माझ्याच्याने बघवलं नाही.

माझ्या फोनातला खेळ मी त्याच्यादेखत काढून टाकला होता, जागा नाही म्हणून. प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत मी तो परत घेतला आणि डबा खाता खाता ट्रॅक्टर चालू केला. म्हटलं, एक दिवस तरी त्याला शून्य नको दिसायला. दुसऱ्या दिवशीही खेळले. मग रोजच. मला काही जमत नाही. पहिल्याच वळणावर माझी मागची ट्राली नाल्यात जाते. रांगेत उभी राहिले की मागचे सगळे पुढे घुसतात. आजवर मी काट्यापर्यंत पोचलेली नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी दारात चप्पल काढते न काढते तोच तो धडधडत जिना उतरून आला. दाढी केली होती.

"ताई, एक जण हाय!" तो म्हणाला. "रोज दुपारी खेळतो. जालन्यातलाच हाय. येत न्हाई त्याला, रोज हरतो, तरी सोडत न्हाई. असा एक सापडला म्हंजे असे लोक हाईत, ताई. शोधावे लागतील फक्त."

"अन् पुण्याचा फोन?" मी विचारलं.

"केला की. नको म्हणून सांगितलं."

सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. त्याचा चेहरा बघितला आणि चहा टाकायला आत गेले.

आता पाडवा होऊन बरेच दिवस झाले. तो वरच्या खोलीत पाचव्या भागाला लागलाय. काल दुपारी डबा उघडून मी नेहमीप्रमाणे रांगेत उभी होते, तेवढ्यात पडद्यावर भावजयीचा फोन आला. मी उचलला नाही. वाजून वाजून तो बंद झाला आणि खाली पुन्हा ट्रॅक्टर दिसला, तेवढ्या वेळात माझा नंबर गेला होता. मी खेळायचं सोडलं तर त्याच्या पडद्यावर पुन्हा शून्य येईल. सुट्टी संपायला थोडा वेळ होता. मी परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.