तुळजाजींची जांभळी पट्टी

२००६च्या उन्हाळ्यात तांबरमच्या एका गल्लीत बातमी उठली, की तुळजाजी चेटूक करतात. नातीच्या झबल्याला हात लावला की जांभळ्याचं पांढरं होतं म्हणे. बातमी पिकवली समोरच्या नारायणस्वामींनी. चेटूक काडीचं नव्हतं. तुळजाजी तंजावरकडचे मराठी, गुम्मिडिपूंडीच्या कापड-कारखान्यात तीस वर्षं रंगमास्तर. बायकोची नवी साडीसुद्धा उजेडाला धरून नापास करणारा माणूस. निवृत्त होताना त्यांनी तिथून एक भुकटी मागून आणली होती. गरम झाली की तिचा रंग उडे, निवली की परते.

दीड वर्षाच्या ऊर्मीला ताप चढला की झटके येत. सून कीर्तना दिवसभर बँकेत, पोर आजी-आजोबांकडे. तापलेलं अंग कळेपर्यंत उशीर होई. म्हणून तुळजाजींनी महिनाभर खपून, बरोबर तापाशीच उडेल असा रंग जमवला आणि त्याची पट्टी झबल्याच्या काखेशी शिवली.

शनिवारी तेल लावून न्हाऊ घातल्यावर आजीनं, म्हणजे सरोजाबाईंनी, ऊर्मीला झबलं घातलं आणि रीतीप्रमाणे केस वाळवायला सांब्राणीच्या, म्हणजे ऊदाच्या, धुरीवर धरलं. पट्टी पांढरीफटक! तुळजाजी चपला न घालताच रिक्षात. दवाखान्यात पोचेतो पट्टी पुन्हा जांभळी आणि ऊर्मी डॉक्टरांची नळी ओढत खिदळतेय. धुरीच्या निखाऱ्यांची धग रंगमास्तरांच्या ध्यानीमनी नव्हती.

नारायणस्वामींनी आठवडाभर गल्ली हसवली. कीर्तना हसली नाही. असल्या पट्टीच्या भरवशावर पोर ठेवायची नाही, पंधरा दिवस बघते, नाहीतर नोकरी सोडते, असं तिनं सांगून टाकलं.

नवव्या दुपारी सरोजाबाईंनी घोरणाऱ्या तुळजाजींना हलवलं. पट्टी पांढरी. एकदा पोळलेल्या गड्यानं आधी विचारलं, निखारे कुठेत? निखारे नव्हते, पोर पंख्याखाली निजलेली. थर्मामीटर लावला तर एकशे दोन. औषध पाजलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, दवाखाना गाठला. कीर्तना धापा टाकत आली, तेव्हा ताप उतरणीला लागला होता. झटका आला नव्हता. तिनं पट्टी बोटानं चाचपली. दुसऱ्या दिवशी बँकेतून येताना चार कोरी झबली आणून सासऱ्यांपुढे ठेवली.

संध्याकाळी नारायणस्वामी नातवाचं झबलं काखेत लपवून दारात. एक पट्टी मिळेल का, विचारलं. तेही हळू, गल्लीला ऐकू जाऊ नये म्हणून.

सुईत दोरा ओवत तुळजाजी म्हणाले, "देतो की. धुरीच्या वेळी तेवढं काढून ठेवा, नाहीतर गल्ली म्हणेल, नारायणस्वामीही चेटूक शिकले."